एका टिंबाचा कोट

त्या रविवारी सकाळी वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचा कप टेकवायलाही जागा नव्हती. बागेतून उकरून आणलेले डेलियाचे कंद तिथे एकमेकांना खेटून पडले होते, चिखलात खेळून आलेल्या पोरांच्या बोटांसारखे. सासूबाई एकेक कंद ब्रशने झटकत होत्या, त्याची वाळकी मुळं कात्रीने उडवत होत्या, मग तो मोज्यात सोडून मोज्याच्या तोंडाला गाठ मारत होत्या. मोज्यात हवा खेळती राहते, कंद कुजत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोजे अर्थातच त्यांच्या मुलाचे. मुलाला विचारलेलं नव्हतं.

मुलगा, म्हणजे गल्लीचे भाऊ, बाहेर रबरी पाइपशी झोंबत होते. थंडी पडायच्या आत पाइपातलं पाणी काढायचं आणि गुंडाळी करून तो आत ठेवायचा, काम एवढंच. पण एक टोक गुंडाळलं की दुसरं सुटत होतं, आणि सुटताना भाऊंच्या पायावर उरलंसुरलं गार पाणी ओकत होतं.

"अगं, बागेतल्या नळाला काय गुंडाळलंयस?" भाऊंनी बाहेरूनच विचारलं.

"कापड," वहिनी म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधात होतं.

"हे कापड नाही. हा माझा मफलर आहे."

"मग काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "तू घसा शेकत बसतोस, नळ बिचारा काम करतो."

भाऊंची ही तक्रार जुनी होती. ह्या घरात हिवाळा आधी माझ्या कपाटात शिरतो, असं ते ऑफिसातही सांगत. दर पानगळीत त्यांचे मोजे कंदांना जात, मफलर नळाला, आणि एका वर्षी तर त्यांची लोकरी टोपी एका कुंडीतल्या निवडुंगावर सापडली होती. टोपी त्यांनी परत मिळवली, पण मग दोन दिवस डोक्यातून काटे वेचत बसले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. घंटी असताना दारावर थाप मारणारा माणूस गल्लीत एकच होता. त्याच्या एका हातात कायम कात्री असायची आणि दुसऱ्यात कुणाचं तरी कापड, त्यामुळे घंटीसाठी बोट मोकळं नसायचं. थाप कोपराने पडायची.

वहिनी दाराकडे वळल्या आणि दूध उतू गेलं.

दारात परवाकाका उभे होते. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या. अंगात नेहमीचाच करडा कोट. पुढून पाहिला तर इस्त्रीबिस्त्री केलेला, रुबाबदार. पाठ फिरवली की मात्र शिवण ताणून उसवायला आलेली. शिंप्याचा कोट पाठीत असा का, हे वहिनींना कधी कळलं नव्हतं. जुना असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

"माप घ्यायला आलोय," टाचण्यांच्या आडून काका म्हणाले.

"तुम्ही परवा येणार होतात."

"मग? आलो की."

"काका, तो परवा मागच्या महिन्यात होता!"

"परवा तो परवाच, वहिनी. त्याला काय महिना असतो?"

हे उत्तर सगळ्या गल्लीला पाठ होतं. म्हणून तर त्यांना परवाकाका म्हणत, तोंडावर म्हणत, आणि काका त्या नावाला ओ देत. कोपऱ्यावरच्या खोलीत खिडकीशी मशीन टाकून त्यांनी उभा जन्म लोकांचे कपडे शिवले होते आणि एकही कपडा वेळेवर दिला नव्हता. शाळेचे गणवेश त्यांच्याकडून सुट्टी लागली की मिळत. एका नवरदेवाचा सूट लग्न उरकल्यावर तयार झाला. काकांनी तो स्वतः घरी नेऊन दिला आणि वर ऐकवलं, "लग्न काय, एका दिवसाचं. सूट जन्मभर घालाल." नवरदेवाचा बाप भांडायला उठला होता, पण पोराने सूट अंगात घालून आरशात पाहिलं आणि बापाला म्हणाला, "बाबा, तुम्ही गप्प बसा."

कारण काकांचा कपडा बसायचा. वाकड्या खांद्याचा माणूस त्यांच्या कोटात सरळ दिसायचा, आणि ढेरी कुठे जायची ते ढेरीवाल्यालाही कळायचं नाही.

पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली आणि काकांकडे पँट आखूड करणं, चेन बदलणं, असली किरकोळ कामं उरली. हात शिवशिवत राहिले. अशातच एका पानगळीत ते ह्या घरावरून जात असताना वहिनी थंडीच्या भीतीने गुलाबांवर गोणपाट टाकून सुतळी आवळत होत्या. काका कुंपणाशी थबकले.

"वहिनी, हे गुलाब आहेत की बटाटे?"

"थंडीत जळतात हो."

"म्हणून पोत्यात कोंबायचे? तुम्हाला थंडी वाजली तर तुम्ही पोत्यात शिरता का?"

आणि त्यांनी गळ्यातली टेप काढून गुलाबाची कंबर मोजली.

तेव्हापासून दर पानगळीत काका झाडांचे कपडे शिवत. लोकांकडून जुनेर मागून आणत, मापं घेत आणि मापं घेताना झाडांशी गिऱ्हाइकांशी बोलावं तसं बोलत. "यंदा अंग धरलंय हां." "सरळ उभी राहा बाई, पोक काढू नकोस." पुढून बटणं ठेवत, म्हणजे ऊन पडलं की झाडाला छाती उघडी टाकता येईल. गल्लीतल्या निम्म्या बागांतली झाडं हिवाळ्यात आपल्या मालकांपेक्षा बऱ्या कपड्यांत उभी असत.

फक्त वेळ तेवढी काकांची ती काकांची. आणि थंडी काही नवरदेव नव्हे, की उशिरा आलेला कपडा पाहून हरखून जाईल. गेल्या वर्षी लिंबाच्या झाडाचं पांघरूण काका परवा देणार होते. त्याच्या आदल्याच रात्री गवतावरचं दव गोठून पांढरं झालं. सासूबाई त्याला दहिवर म्हणायच्या. सकाळी लिंबाची पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. काका पांघरूण घेऊन आले, झाडाकडे पाहिलं, टाचण्या ओठांच्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेल्या आणि आल्या पावली निघून गेले.

ते लिंबाचं झाड वहिनींचं लाडकं होतं. चहात पिळलेल्या लिंबाची बी त्यांनी सहज चाळा म्हणून कुंडीत खुपसली होती. तिचं रोप झालं, रोप जमिनीत गेलं, वाढत वाढत भाऊंच्या खांद्याला आलं. गेल्या हिवाळ्यात ते जळून खराट्यासारखं झालं, तेव्हा भाऊ खूश झाले, कारण ती जागा त्यांना स्कूटरसाठी हवी होती. फरशी घातली की झालं. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग खराट्याच्या वाळक्या दिसणाऱ्या फांद्यांना पुन्हा कोंब फुटले आणि तह झाला. झाड ह्या हिवाळ्यात तगलं तर राहील. पुन्हा जळलं तर वसंतात फरशी, आणि त्यावर वहिनींनी चकार शब्द काढायचा नाही.

आणि ह्या वर्षी झाडाला पहिल्यांदा लिंबू धरलं होतं. एकच. अक्रोडाएवढं, हिरवंगार, खालच्या फांदीला. वहिनी रोज सकाळी जाऊन ते आहे ना ते बघून येत.

"चला, दाखवा पेशंट," काका म्हणाले आणि पायरी उतरून बागेत गेले.

वहिनी त्यांच्यामागून गेल्या. दोन्ही हात भरलेले होते. एका हातावर भाऊंचा तपकिरी कोट, दुसऱ्यावर हिरव्या चौकटींचं नवंकोरं जाड ब्लँकेट. कोटाला नवं अस्तर लावून घ्यायचं होतं आणि ब्लँकेटचं लिंबाला पांघरूण करायचं होतं. कोटाबद्दल वहिनींचं मत सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याची कोपरं गेली होती, खिसे लोंबत होते, आणि त्यात भाऊ शेतातल्या बुजगावण्यासारखे दिसत. पण भाऊंचा त्यात जीव होता. मोजे गेले, मफलर गेला, कोटाला हात लावाल तर खबरदार, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

लिंबाजवळच भाऊ पाइपाच्या वेटोळ्यात उभे होते. काकांनी झाडाची छाती मोजली, कंबर मोजली, दोन फांद्यांमधलं अंतर मोजलं. "डावा खांदा पडलाय," ते म्हणाले.

"माझा?" भाऊंनी विचारलं.

"तुमचाही. पण मी ह्याचा बघतोय."

वहिनींनी दोन्ही कापडं काकांच्या हातांवर ठेवली. त्यांचे हात मोकळे होईपर्यंत घरातून सासूबाईंची हाक आली होती, दूध पुन्हा वर येत होतं. मग त्यांनी नुसत्या हनुवटीने समोर दाखवलं आणि घाईघाईत सांगितलं, "हे बघा काका, कोट ह्यांचा, अस्तर नवं घाला. आणि ब्लँकेट ह्याचं, गळ्यापर्यंत बटणं हवीत. कळलं ना?"

समोर भाऊ आणि लिंबाचं झाड एका रेषेत उभे होते. हनुवटी माणसाकडे वळली की झाडाकडे, हे फक्त शब्दावरून कळणार होतं.

"हं," टाचण्यांमधून काका म्हणाले.

"आणि काका, कधी?"

"परवा."

आत खिडकीशी मोज्याला गाठ मारता मारता सासूबाई खुदकन हसल्या.

पानं गळत राहिली. वहिनींनी दाताळ्याने पाला ओढला, त्यातला कोरडा गुलाबांच्या बुंध्याशी रचला, ओला खतासाठी खड्ड्यात टाकला. कुंड्या एकेक करून आत आल्या, तशी घरात माणसांना फिरायला बोळ उरली. भाऊ रात्री पाणी प्यायला उठले आणि जास्वंदीला "सॉरी" म्हणाले. खुरपी, कात्र्या तेल लावून पेटीत गेल्या. लसणाच्या पाकळ्या वाफ्यात टोचून झाल्या. बाग हळूहळू एखाद्या आवरलेल्या खोलीसारखी दिसायला लागली, आणि तिच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड तेवढं उघडंवाघडं उभं राहिलं.

वहिनी येता-जाता काकांच्या खोलीत डोकावत. कापडाच्या ढिगावर मांजर झोपलेलं असे.

"काका, ब्लँकेट?"

"त्याच्यावरच झोपलीय ना ती. उठली की कापतो."

"मग उठवा!"

"लेकुरवाळी आहे, वहिनी. तिला कसं उठवू?"

"लेकुरवाळी? काका, हा बोका आहे!"

काकांनी मांजराकडे नीट पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "पण थकलेला आहे."

मग एका दुपारी स्वयंपाकघरातल्या रेडिओने सांगितलं, आज रात्री पारा एकदम उतरणार, दव गोठणार. वहिनींच्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. भाऊ त्या दिवशी सुट्टीवर होते. कोट नसल्याने दोन शर्टांवर आईची शाल गुंडाळून ते लिंबाच्या कोपऱ्यात गेले आणि पावलांनी जागा मोजू लागले.

"काय करताय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. स्कूटर आडवी बसेल की उभी, एवढंच बघत होतो."

"झाड अजून जिवंत आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय? मी आपला वसंताचा विचार करतोय." मग शाल आवळत त्यांनी विचारलं, "माझा कोट कधी येणार?"

वहिनी पायांत चपला सरकवून कोपऱ्यावर गेल्या. काका टाचण्या ओठांच्या एका कोपऱ्यात सारून खिडकीशी चहा पीत होते.

"काका, आज दहिवर पडणार आहे."

"परवा देतो की."

"दहिवराला सांगू का तसं? बाबा रे, परवा ये, कपडा तयार नाही?"

"सांगून बघा. ऐकलं तर ऐकलं."

नेहमी इथे वहिनींना हसू यायचं. आज आलं नाही. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "गेल्या वर्षीही तुम्ही परवाच म्हणाला होतात. मी काही बोलले नव्हते. ह्या वर्षी झाड गेलं तर त्याच्या जागी फरशी येणार आहे, काका."

काकांनी कप खाली ठेवला. ओठांतल्या टाचण्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेल्या. मग ते उठले, दाराशी आले आणि म्हणाले, "जा तुम्ही."

"जा म्हणजे?"

"ट्रायलच्या आधी गिऱ्हाइकाने कपडा बघायचा नसतो." आणि दार लावून घेतलं.

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. आतून बोक्याचा एक दुखावलेला आवाज आला, आणि मग मशीन सुरू झालं. थांबेल म्हणून त्या जरा वेळ ऐकत राहिल्या. थांबलं नाही.

तरी विश्वास कसा ठेवायचा? घरी येऊन त्यांनी गोणपाटं झटकली, सुतळी शोधली, एक जुनी चादर काढून ठेवली. ऊन समोरच्या छपरावर चढलं, छपरावरून उतरलं. हवेला धार आली. वहिनी सुतळीचं टोक दातात धरून बागेत निघाल्या, तर फाटकातून परवाकाका आत येत होते. काखेत दोन गाठोडी.

"आज परवा नाहीये!" सासूबाई खिडकीतून ओरडल्या. "टेलर, तब्येत बरी आहे ना?"

काकांनी एक गाठोडं दारातल्या भाऊंच्या अंगावर फेकलं. "घाला," म्हणाले, आणि दुसरं घेऊन तरातरा झाडाकडे गेले. वहिनी गोणपाटं ठेवायला आत वळल्या.

भाऊ गारठलेले होते. शाल टाकून त्यांनी अंधुक उजेडात हात बाह्यांत घातले, बटणं गळ्यापर्यंत लावली. "वा!" ते म्हणाले. "काय ऊब आहे! अस्तर काय घातलंय त्याने? आई, बघ, खांदा कसा बसलाय!"

सासूबाईंनी दिवा लावला.

भाऊ हिरव्या चौकटींत उभे होते. कॉलर होती, खिसे होते, डावा पडलेला खांदा उजव्याच्या बरोबरीला आला होता. लग्नानंतर कधी दिसले नव्हते इतके भाऊ नीट दिसत होते.

"हे ब्लँकेट आहे," भाऊ म्हणाले.

वहिनींच्या हातातून गोणपाट गळून पडलं. तिघांनी एकदम खिडकीतून बाहेर पाहिलं. बागेच्या कोपऱ्यात भाऊंचा तपकिरी कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून कुणीतरी उभं होतं. दोन फांद्या दोन बाह्यांत. एक बाही फाटकाकडे बोट दाखवत होती, चालते व्हा म्हटल्यासारखी.

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून गदगदा हलायला लागल्या.

"माझा कोट!" भाऊ बाहेर धावले. मागून वहिनी. "काका, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे?" काका शेवटचं बटण लावत होते. "वहिनींनी सांगितलं तेच. कोट ह्याचा, ब्लँकेट ह्यांचं."

"ह्यांचा!" वहिनी कळवळून म्हणाल्या. "मी म्हटलं, कोट ह्यांचा! ब्लँकेट ह्याचं!"

"ह्याचं?"

"ह्यांचा!"

"तेच तर मी म्हणतोय."

भाऊंनी कपाळावर हात मारला. "टिंब! एका टिंबापायी माझा कोट गेला! जन्मभर तुला सांगतोय, मला नावाने हाक मार. हे, हे करत बसलीस. झाडही हे आणि मीही हे. आमच्यात टिंबाचा काय तो फरक!"

"टिंब होतं की," काका शांतपणे म्हणाले. "एकच होतं. मी ब्लँकेटला टाचलं. आता तुम्हीच सांगा भाऊ, कोपरं गेलेली, अस्तर फाटलेलं, असला कोट माणसाचा असेल असं कुणाला वाटेल? आणि नवंकोरं ब्लँकेट कुणी झाडाला घालतं का? मी आपला अकलेने अर्थ लावला. अस्तर नवं घाला म्हणाल्या, घातलं. दोन पदरांत कोरडा पाला भरून शिवलंय. ऊब धरेल, हवाही खेळेल."

"काढा तो," भाऊ म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"अहो, दहिवर पडायला आलंय," वहिनी मध्ये आल्या. "मी गोणपाट घालते, पण ते बांधेपर्यंत तरी..."

"झाड गेलं खड्ड्यात! माझा कोट आहे तो." भाऊंनी वरचं बटण काढलं. दुसरं काढलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. ठरल्याप्रमाणे चकार शब्द काढायचा नव्हता, पण तो वसंतातला तह होता की आताचा, हे त्यांना त्या घडीला ठरवता येईना.

तिसऱ्या बटणाशी भाऊंचा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला. इतकी वर्षं कोट उतरवायच्या आधी ते असाच हात घालून स्कूटरची किल्ली काढत. खिशात किल्ली नव्हती. खिशात लिंबू होतं. काकांनी खिशाची मागची शिवण उसवून खालची फांदी त्यात अशी घेतली होती, की ते एकुलतं एक लिंबू खिशात जाऊन बसावं. गार, टणक, देठाला धरून.

भाऊ तसेच उभे राहिले. हात खिशातच.

"काय झालं?" वहिनींनी डोळे उघडून विचारलं.

"काही नाही." त्यांनी हात हळूच, काचेचं भांडं सोडावं तसा बाहेर काढला. मग तिसरं बटण चाचपलं, दुसरं लावलं, पहिलं लावलं. कॉलर वर केली. "इथून हवा शिरतेय," ते काकांना रागाने म्हणाले. "मान उघडी राहिलीय ह्याची. एवढं साधं कळत नाही? अगं, माझा मफलर आण."

"तो नळाला आहे."

"मग नळाचा काढ! नळाला घाल ते गोणपाट."

सकाळी सासूबाई उठल्या तेव्हा गवत पीठ भुरभुरवल्यासारखं पांढरं होतं आणि भाऊ आधीच बागेत होते, हिरव्या चौकटींत. पेपर टाकणारा फाटकाशी थांबला, लिंबाला म्हणाला, "भाऊ, आज लवकर उठलात!", पेपर लिंबाच्या बाहीत खोचला आणि सायकलवर बसून गेला. खरे भाऊ दोन हात अंतरावर उभे होते, पण त्यांना राग आला नाही. ते कॉलर बाजूला करून आत बघत होते.

"पानं?" वहिनींनी दारातून विचारलं. पुढे यायची त्यांची छाती होत नव्हती.

"हिरवी," भाऊ म्हणाले. कॉलर नीट लावत पुढे म्हणाले, "खिशातलंही आहे. स्कूटर मी फाटकाशीच लावतो. तिथेच बरी पडते ती."

उन्हं अंगणात आली तेव्हा दारावर कोपराची थाप पडली. काका ट्रायल बघायला आले होते. झाडाची बटणं त्यांनी उघडली, काखेत सैल आहे का पाहिलं, एक धागा दाताने तोडला. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. भाऊ ऑफिसला गेले होते, नव्या कोटात, आणि जाताना आरशासमोर उगाच घुटमळले होते.

"काका," वहिनी हळू म्हणाल्या, "खरं सांगा. तुम्हाला टिंब ऐकू आलं होतं ना?"

"टाचण्या तोंडात असल्या की कान बंद होतात, वहिनी."

"असं कुठे असतं?"

"तुमच्या तोंडात तर टाचण्या नव्हत्या. तुम्ही टिंब म्हणाला होतात ना?"

वहिनींनी चहाच्या कपाकडे पाहिलं.

"मी खिडकीतच होते," आतून सासूबाई म्हणाल्या. "टिंब मलाही नाही ऐकू आलं." आणि पुन्हा हसायला लागल्या.

वहिनींच्या ओठांची कड हलली. ती लपवायला त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे. वेळेवर आणलंत, काका. जन्मात पहिल्यांदा. आता तुम्हाला काय देऊ ते सांगा. नाही म्हणायचं नाही."

काकांनी चहा संपवला. कप कठड्यावर ठेवला. ओठांतल्या टाचण्या काढून एकेक करून आपल्या कोटाच्या कडेला टोचल्या. तोंड इतकं मोकळं असलेले काका वहिनींनी कधी पाहिले नव्हते. त्यांचा आवाजही वेगळा, स्वच्छ आला.

"ब्लँकेटचा तुकडा उरलाय. माझ्यापुरता कोट होईल," ते म्हणाले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, वहिनींच्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभे राहिले. करड्या कोटाची शिवण दोन्ही खांद्यांमधून उसवत आली होती. "छाती, बाही, कंबर, सगळं माझं मला घेता येतं. पाठ नाही घेता येत. बायको असताना ती धरायची टेप. ती गेल्यापासून अंदाजाने शिवतो. माझ्या पाठीचं माप घ्या, वहिनी. आत्ताच घ्या. परवा नको."